वनमुक्कामाची तयारी कोणीं करावी ?

दिवाळीची सुटी सरली कीं शाळाशाळांतून सहलीचे वारे वाहूं लागतात. सूचनाफलकावर एक कागद लागतो. त्यावर दोन दिवसांत पाहावयाच्या आठ-दहा स्थळांचीं नांवें, माणशीं वर्गणीचा आंकडा आणि पैसे भरण्याची शेवटची तारीख एवढेंच लिहिलेलें असतें. मुलांनीं पैसे आणावे, गाडींत बसावें, उतरा म्हटलें कीं उतरावें, चला म्हटलें कीं चालावें, आणि घरीं आल्यावर 'कशी झाली सहल ?' या प्रश्नास 'मजा आली' असें उत्तर द्यावें, इतकाच त्यांचा त्या सहलीशीं संबंध. यंदा आमच्या शाळेच्या नववीच्या वर्गानें मात्र निराळी मागणी केली आहे. त्यांना दहा ठिकाणें पाहावयाचीं नाहींत. एकाच रानाच्या कडेला तंबू ठोकून तीन दिवस व दोन रात्री राहावयाचें आहे. ही मागणी मान्य करावी कीं नाहीं, आणि केल्यास तिची तयारी कोणीं करावी, याविषयीं शिक्षकांत व पालकांत बरीच चर्चा चालू आहे. त्या चर्चेंत आमचें मत विद्यार्थी व पालक या उभयतांपुढें मांडावें, या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

आमचें मत थोडक्यांत असें : मुक्काम अवश्य व्हावा, परंतु तो सहलीच्या ठेकेदाराकडून विकत घेऊं नये. त्याची सारी तयारी, वनखात्याच्या अर्जापासून मिठाच्या पुडीपर्यंत, मुलांनीं करावी, व शिक्षकांनीं ती तपासावी. रानांतले तीन दिवस हा या शिक्षणाचा लहानसा भाग होय. त्याचा मोठा भाग आधींच्या दोन महिन्यांत घडावयाचा आहे. तो भागच पैसे देऊन दुसऱ्याच्या हातीं सोंपविला तर उरतें तें केवळ मन रमविणें.

प्रथम जागेचा विचार करूं. 'राष्ट्रीय उद्यान' म्हटलें कीं आमच्या मुलांच्या डोळ्यांपुढें ताडोबा उभा राहतो, आणि तें स्वाभाविकच आहे. १९५५ सालीं स्थापन झालेलें तें महाराष्ट्रांतील पहिलें राष्ट्रीय उद्यान. मराठवाड्यांत राष्ट्रीय उद्यान एकहि नाहीं; येथें आहेत तीं अभयारण्यें. त्यांपैकीं पैनगंगा अभयारण्य नांदेड व यवतमाळ या जिल्ह्यांच्या सीमेवर, नदीच्या आश्रयानें पसरलेलें आहे. नांदेडहून मुदखेड, भोकर, हिमायतनगर या वाटेनें आगगाडी किनवटकडे जाते, आणि त्या वाटेवर सहस्रकुंड नांवाचें स्थानकहि आहे. इस्लापूरजवळ पैनगंगा काळ्या खडकांवरून खालीं उडी घेते, तोच सहस्रकुंडाचा धबधबा. हा सारा टापू सागवानाचा. गोंड, कोलाम, आंध, प्रधान या लोकांच्या वस्त्या येथें पिढ्यान्‌पिढ्या आहेत. रानांत अस्वल, बिबट्या, चितळ, नीलगाय यांचा वास आहे. नदीचा प्रवासहि नकाशावर बोट ठेवून पाहण्याजोगा आहे. ती बुलढाणा जिल्ह्यांत अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावते, पुढें वर्धेस मिळते, आणि तेंच पाणी अखेर प्राणहितेच्या रूपानें गोदावरींत येतें. नांदेडच्या घाटावरून वाहून गेलेलें पाणी आणि सहस्रकुंडावरून कोसळलेलें पाणी यांची गांठ अशी दूर खालीं पडते.

लातूरकडील पालक म्हणतील, 'आमच्या भागांत रान नांवापुरतें. आमच्या मुलांस त्याचें काय?' त्यांस आम्ही एक ताजी गोष्ट सांगतों. २०२४ सालच्या डिसेंबरांत येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यांत एक वाघ कॅमेऱ्यांत टिपला गेला. तो यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वर अभयारण्यांतून आलेला निघाला. म्हणजे शेतें, सडका, ओढे व वस्त्या ओलांडीत तो शेंकडों किलोमीटर चालून लातूरच्या शेजारीं येऊन ठेपला. त्याच्या आधीं टिपेश्वरच्याच एका वाघानें २०१९ मध्यें बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत मजल मारली होती. वाघास जिल्ह्याची शीव ठाऊक नाहीं. ज्या मुलुखांतून तो रात्रीं निमूटपणें चालून जातो त्या मुलुखाची आमच्या मुलांस दिवसाउजेडींहि ओळख नसावी, हें कांहीं भूषण नव्हे.

जागा ठरली म्हणजे तंबू घेऊन निघावें, असें मात्र नाहीं. येथें तयारीचा पहिला धडा सुरू होतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानें अभयारण्यांत शिरण्यास परवाना लागतो. अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन अशा कारणांसाठीं तो मिळतो. मनास येईल तेथें तंबू ठोकतां येत नाहीं. रानास धोका पोंचेल असा विस्तव पेटवितां येत नाहीं. शस्त्र नेतां येत नाहीं. रात्रीचें रान हें त्यांतील रहिवाशांचें घर आहे. म्हणून मुक्काम अभयारण्याबाहेर, कडेच्या एखाद्या गांवांत, तेथील शाळेच्या पटांगणावर करावा, आणि रानांत जाणें दिवसा, परवाना घेऊन, वनरक्षकाच्या सोबतीनें व्हावें, असें आम्ही सुचवितों.

यासाठीं तीन पत्रें लिहावीं लागतील. एक पांढरकवड्याच्या वन्यजीव विभागास, दुसरें त्या गांवच्या ग्रामपंचायतीस व शाळेच्या मुख्याध्यापकांस, तिसरें किनवटच्या शासकीय रुग्णालयास. मराठीच्या तासाला 'वनाधिकाऱ्यास अर्ज लिहा' हा प्रश्न आम्ही वर्षानुवर्षें घालीत आलों आहों, आणि ज्या अर्जास कधींहि उत्तर येणार नाहीं असे शेंकडों अर्ज तपासीत आलों आहों. आतां उत्तर येईल असा अर्ज लिहावयाची संधि आली आहे. त्यांत 'आपला आज्ञाधारक' बरोबर लिहिल्याबद्दल गुण मिळणार नाहींत. माणसें किती, दिवस कोणते, जबाबदार कोण, हें स्पष्ट नसेल तर अर्ज परत येईल. कदाचित् नकारहि येईल. नकार आल्यावर न रुसतां दुसरी तारीख किंवा दुसरी जागा शोधणें, हेंहि मुलांनीं शिकावें अशीच आमची इच्छा आहे.

दुसरा प्रश्न ऋतूचा. मुलांस सहस्रकुंड भरून वाहतांना पाहावयाचा आहे. परंतु भर पावसाळ्यांत खडक निसरडे असतात, नदीचा भरवसा नसतो, आणि ओल्या जमिनीवरचा तंबू म्हणजे चिखलांत घातलेलें अंथरूण. मार्चनंतर ओढे आटतात, गवत वाळतें, सागाच्या पानांचा जमिनीवर थर सांचतो आणि एका ठिणगीनें वणवा पेटतो. म्हणून डिसेंबरचा पहिला पंधरवडा, नाताळच्या सुटीच्या आधींचा, हाच काळ आम्हांस योग्य वाटतो. धबधब्याची धार तेव्हां रोडावलेली असेल, हें खरें. एक मिळवावयाचें तर दुसरें सोडावें लागतें. हा निर्णय मुलांनीं वर्गांत वाद घालून, कारणें फळ्यावर मांडून घ्यावा. आम्हीं सांगितलें म्हणून घेतलेल्या निर्णयापेक्षां त्यांनीं तोलून घेतलेला तोच निर्णय शतपटीनें मोलाचा.

तिसरा प्रश्न पाण्याचा, आणि आमच्या मतें हाच सर्वांत मोठा. समजा, २४ मुलें व ६ वडील माणसें मिळून ३० जण गेले. पिण्यास माणशीं रोज ४ लिटर आणि स्वयंपाकास व भांड्यांस ३ लिटर धरलें, तर दिवसाला २१० लिटर व तीन दिवसांत ६३० लिटर पाणी लागेल. २० लिटरचे ३२ जार झाले, आणि यांत आंघोळ धरलेलीच नाहीं ! हें पाणी आणावयाचें कोठून ? गांवच्या हातपंपावरून म्हणाल, तर त्या पंपावर आधीं गांवच्या बायाबापड्यांचा हक्क आहे. त्यांस विचारल्याशिवाय एक कळशीहि भरतां कामा नये. नदीचें म्हणाल, तर तें गाळून उकळावें लागेल, आणि उकळण्यास जळण लागेल. असा एका हिशेबांतून दुसरा हिशेब निघतो. अंकगणिताच्या पुस्तकांतील हौद व नळ यांनीं जें कधीं शिकविलें नाहीं तें हें उदाहरण शिकवील.

लातूरच्या पालकांस या हिशेबाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाहीं. २०१६ च्या दुष्काळांत १२ एप्रिल रोजीं मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी लातुरास आली. १० वाघिणींत मिळून सुमारें ५ लाख लिटर पाणी तींत होतें. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची वस्ती पावणेचार लाखांहून अधिक. म्हणजे त्या पाण्याची सारखी वांटणी केली असती तर माणशीं दीड लिटरहि वांट्यास आलें नसतें. आमचीं आजचीं विद्यार्थी मुलें तेव्हां अगदीं लहान होतीं. घागरींच्या त्या रांगा त्यांच्या आयांस आठवतात, मुलांस आठवत नाहींत. जें घरानें सोसलें तें मुलांस कळावें, यासाठीं तीन दिवस पाणी मोजून वापरण्याइतका दुसरा सोपा उपाय आम्हांस दिसत नाहीं.

अन्नाची यादी करतांना मुलें प्रथम दुकानांतील पुड्यांचीं नांवें लिहितील. तीं त्यांनीं लिहावींत, आणि मग प्रत्येकीपुढें रिकाम्या पुडीचें काय करणार तें लिहावें. यादी आपोआप आंखूड होईल. पहिल्या दिवसास घरचे धपाटे, दशम्या व शेंगदाण्याची चटणी पुरे. पुढें ज्वारीची भाकरी, पिठलें, खिचडी, गूळ. रानांतून सरपण तोडावयाचें नाहीं. शेगडी बरोबर न्यावी. जितकें सामान नेलें त्यांतील खाऊन संपलें तें सोडून बाकी सर्व परत आलें पाहिजे, असा नियम करावा, आणि जातांना व येतांना पिशव्यांची झडती मुलांनींच घ्यावी. माकडास किंवा अन्य कोणत्याहि जनावरास खाऊ घालूं नये. ही कठोरता नव्हे. १८७२ सालीं स्थापन झालेल्या अमेरिकेंतील यलोस्टोन या जुन्या राष्ट्रीय उद्यानांत एके काळीं प्रवासी मोटारींतून अस्वलांना खाऊ घालीत, त्याचें कौतुकहि होई. पुढें अस्वलें माणसांच्या अन्नास चटावलीं, माणसें जखमी होऊं लागलीं, अस्वलेंहि मारावीं लागलीं. अखेर १९७० च्या सुमारास तेथील अधिकाऱ्यांनीं उकिरडे बंद करून या प्रकारास कडक आळा घातला. माणसाच्या हातचें अन्न हें रानच्या प्राण्यास बहुधा घातकच ठरतें.

आतां पालकांच्या मनांतील भीतीकडे वळूं. ही भीति आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. परंतु भीतीस नांवें दिलीं म्हणजे तिचे उपाय दिसूं लागतात. वाघाची भीति सर्वांस वाटते, पण गांवांत मुक्काम करणाऱ्यास खरा धोका सर्पाचा अधिक. मण्यार रात्रीं फिरते, जमिनीवर निजलेल्यास चावते, आणि तिचा दंश पुष्कळदां दुखतहि नाहीं. म्हणून जमिनीवर उघडें निजूं नये. मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखालीं नीट खोंचाव्या. रात्रीं विजेरीवांचून पाऊल टाकूं नये. सकाळीं बूट झटकूनच पाय घालावा. दंश झालाच तर आवळून बांधणें, चिरणें, चोखणें, मांत्रिकाकडे नेणें यांपैकीं कांहींहि न करतां, तें अंग हलूं न देतां, रोग्यास थेट रुग्णालयांत न्यावें. त्यासाठीं एक गाडी व तिचा चालक दोन्ही रात्रीं मुक्कामावर हजर असावेत. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते खरी. पण त्या गांवांत मोबाईलची लहर कोठें लागते व कोठें लागत नाहीं, हें आधीं एका शिक्षकानें जाऊन पाहून नकाशावर खुणेनें दाखवावें. ज्या मुलास दमा, फेंफरें वा अन्य विकार असेल त्याच्या पालकांनीं तें बंद पाकिटांत शिक्षकांस कळवावें, लपवूं नये.

मुलींच्या पालकांस आम्ही वेगळें सांगूं इच्छितों. निदान दोन शिक्षिका बरोबर असतील. मुलींचे तंबू, न्हाणी व शौचकूप कोठें, याचा आराखडा आपणांस आधीं दाखविला जाईल. त्यांत उणें दिसेल तें सांगावें. परंतु 'मुलगी आहे' एवढ्याच कारणानें तिला मागें ठेवूं नये. आणि मुलगे, तुम्हांसहि एक सूचना : मुलींनीं भाकरी थापावी व तुम्हीं तंबू ठोकावे, अशी वांटणी येथें चालणार नाहीं. पाळी लागेल त्यानें पीठ मळावें, पाळी लागेल तिनें दोर ताणावे.

पैशाचा प्रश्न शेवटीं घेतला, तरी तो मनांत पहिलाच असतो. वर्गाच्या सहलींत घरच्या ओढीमुळें एक जरी मूल मागें राहिलें, तर ती वर्गाची सहल नव्हे; ज्यांस परवडली त्यांची ती चैन झाली. ठेकेदाराचा दर ठरलेला असतो, तो कमी करतां येत नाहीं. मुलांनीं स्वतः अंदाजपत्रक केलें तर तो कमी करतां येतो. आगगाडीचें तिकीट किती, तांदूळ किती, कोणाच्या घरीं ताडपत्री आहे, कोणाचे काका मोठीं पातेलीं देतील, कोणता खर्च गाळला तरी चालेल, हें फळ्यावर लिहितां लिहितां वर्गणी खालीं येते. ती सर्वांत गरीब घरास झेपेल इतकी खालीं येईपर्यंत फळा पुसूं नये, हा आमचा आग्रह आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो आमच्या भागांत तरी येणारच. लातूर पॅटर्नची कीर्ति साऱ्या महाराष्ट्रांत आहे. नांदेडांतहि शिकवणी वर्गांची गर्दी मोठी. अशा ठिकाणीं 'तीन दिवस बुडाले, त्यांचें काय ?' हा प्रश्न पालकांनीं विचारणें साहजिक आहे. परिश्रमाची ती परंपरा आम्हांस आदरणीयच वाटते. परंतु जो मुलगा उद्यां घर सोडून परगांवीं शिकावयास जाणार, त्यास स्वतःचें अंथरूण बांधतां येतें काय, अनोळखी अधिकाऱ्याशीं नम्रपणें व स्पष्टपणें बोलतां येतें काय, दहा जणांत मतभेद झाला असतां मार्ग काढतां येतो काय, हेंहि कोणीं तरी पाहावयास हवें. हे विषय कोणत्याहि वेळापत्रकांत नाहींत. १९०७ सालच्या ऑगस्टांत इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर बेडन-पॉवेल यांनीं सुमारें वीस मुलांचा तळ भरविला. श्रीमंतांच्या शाळांतील व कामकऱ्यांच्या घरांतील मुलें त्यांनीं एकत्र घेतलीं, त्यांच्या लहान लहान टोळ्या केल्या आणि प्रत्येक टोळीस तिच्यांतीलच एक नायक दिला. त्या लहानशा तळांतून पुढें जगभर स्काउटची चळवळ पसरली. त्यांतील मर्म तंबूंत नव्हतें. मुलांच्या हातीं खरी जबाबदारी दिली, यांत होतें.

शिक्षकांनीं मग करावें काय ? आमच्या मतें तीन बाबतींत त्यांचा शब्द अखेरचा असावा : नदीच्या पाण्यांत उतरणें, अंधार पडल्यावर तळ सोडणें, आणि कोणाचेंहि आजारपण. यांत वाद नाहीं, मतदान नाहीं. एरवीं मात्र त्यांनीं विचारावें, सांगूं नये. यादींत विजेरी आहे पण तिचे सेल नाहींत, हें दिसलें तर 'रात्रीं हिला पेटविणार कशानें ?' एवढेंच विचारून थांबावें. ज्या चुकीनें जीवास अपाय नाहीं ती होऊं द्यावी. खिचडींत मीठ कमी पडलें तर ती अळणी खिचडी शिक्षकांनींहि निमूटपणें खावी.

विद्यार्थी मित्रहो, मागणी तुम्हीं केली. आतां काम तुमचें. येत्या आठवड्यांत वर्गाच्या पांच टोळ्या करा : परवाना व पत्रव्यवहार, पाणी, अन्न व कचरा, प्रकृति व सुरक्षितता, आणि हिशेब. प्रत्येक टोळीनें आपलें काम एका पानावर लिहून काढावें. आणि पालकहो, आपणांस आमची विनंति इतकीच कीं, मूल तें पान घेऊन घरीं आलें म्हणजे लगेच सही करूं नये व लगेच नकारहि देऊं नये. दिवा लावून शेजारीं बसावें, आणि 'पाणी किती धरलें आहे ?' असें त्याला विचारावें. त्याच्या उत्तरावरून आपली संमति द्यावयाची कीं नाहीं, हें आपलें आपणांस कळेल.